विश्लेषण : युद्धकाळात उमेदवार कोणाच्या नोकरीत होता? रोह्याच्या सी. डी. देशमुखांची नोंद काय सांगते?

कुलाब्यातून १९५२ मध्ये लोकसभेवर गेलेले सी. डी. देशमुख दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश राजवटीच्या व्यवस्थेत वरच्या पदावर होते. त्याच निवडणुकीत रत्नागिरी जिल्ह्यातून निवडून आलेले जगन्नाथराव भोसले त्याच युद्धात ब्रिटिशांविरुद्ध आझाद हिंद सेनेत होते. दोघांचा पक्ष एकच होता, काँग्रेस. मग उमेदवाराची जुनी सेवा-नोंद वाचायची कशी?

हा प्रश्न येतो कुठून?

निवडणूक जवळ आली की उमेदवारांच्या जुन्या फायली बाहेर पडतात. त्यात लष्करी नोकरीची फाइल सर्वांत स्फोटक ठरते. अमेरिकेत २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत हेच झालं. जॉर्ज बुश यांनी व्हिएतनाम युद्धाच्या काळात नॅशनल गार्डमधली आपली सेवा नीट पूर्ण केली का, यावर एक बाजू तुटून पडली. जॉन केरी यांनी व्हिएतनाममध्ये खरंच तेवढा पराक्रम केला होता का, यावर दुसरी. कागद तेच होते. कोणत्या कागदावर विश्वास ठेवायचा, हे मात्र बहुतेकांनी आपला पक्ष पाहून ठरवलं.

भारतात लष्करी सेवा सक्तीची नाही, त्यामुळे लष्करात का गेला नाहीत, असं इथे उमेदवाराला सहसा कोणी विचारत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पिढीसमोर वेगळा प्रश्न होता : १९४७ पूर्वी तुम्ही कोणाची नोकरी करत होता? देश तुरुंगात असताना तुम्ही कुठे होता?

रायगड जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यात, हा प्रश्न सोपा नव्हता. महाड तालुक्यातलं फौजी आंबवडे हे गाव नावातच फौज घेऊन उभं आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातून शंभरहून अधिक जवान गेले. ते लढले ब्रिटिश सैन्यातून, पण गावाला त्यांचा अभिमान आहे. दुसरीकडे याच जिल्ह्यात चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्या हुतात्म्यांचाही जिल्ह्याला तेवढाच अभिमान आहे.

या दोन अभिमानांच्या मधोमध रोह्याच्या एका माणसाचं आयुष्य येतं.

पेणचे विनोबा, रोह्याचे चिंतामणराव

पेण तालुक्यातल्या गागोदे गावात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. पुढे जग त्यांना विनोबा म्हणून ओळखू लागलं. त्यानंतर चार महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. वडील द्वारकानाथ वकील होते, आईचं नाव भागीरथीबाई. चिंतामणरावांचं बालपण रोह्यात, कुंडलिकेच्या काठी गेलं.

दोघेही हुशार होते आणि दोघांनाही संस्कृतची गोडी होती. वाटा मात्र विशीतच फुटल्या.

विनोबा १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले, वाटेत सुरतला उतरले आणि थेट काशीला गेले. शाळा-कॉलेजचे दाखले त्यांनी आधीच जाळून टाकले होते. चिंतामणराव त्याआधी, १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले होते. संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली होती. पुढे ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेले. तिथे त्यांनी वनस्पतीशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र घेतलं. १९१७ मध्ये पदवी मिळाली, वनस्पतीशास्त्रातलं फ्रँक स्मार्ट पारितोषिकही मिळालं.

तेव्हा पहिलं महायुद्ध सुरू होतं आणि केंब्रिजचे वर्ग आघाडीवर गेलेल्या तरुणांमुळे ओस पडले होते. १९१८ मध्ये लंडनला झालेल्या आयसीएसच्या परीक्षेत देशमुख पहिले आले.

आयसीएस म्हणजे नेमकी कसली नोकरी?

आज आयएएसची जी प्रतिष्ठा आहे, ती आयसीएसकडूनच आली. पण फरक मोठा होता. आयसीएस अधिकारी ब्रिटनच्या भारतमंत्र्याशी करार करून सेवेत येई. साऱ्या हिंदुस्थानात अशा अधिकाऱ्यांची संख्या साधारण हजाराच्या घरात होती. जिल्हा हाच अधिकारी चालवायचा : महसूल, न्याय, कायदा-सुव्यवस्था सगळं त्याच्या हाती. म्हणून या सेवेला राजवटीचा पोलादी सांगाडा म्हटलं जाई.

म्हणजे आयसीएस अधिकारी बंदूक घेऊन लढत नसला, तरी त्याची निष्ठा कोणाला वाहिलेली आहे, याबद्दल शंका नव्हती. लष्करी अधिकाऱ्याला जे लागू होतं, तेच त्यालाही. स्वातंत्र्यानंतर अशा माणसाच्या उमेदवारीवर प्रश्न उभा राहणं साहजिक होतं.

देशमुख मध्य प्रांत आणि वऱ्हाडात रुजू झाले. जिल्ह्याचा कारभार, जमीनमहसुलाची आकारणी आणि मग प्रांताचं अर्थखातं, अशी त्यांची चढती भाजणी राहिली. १९३१ मध्ये लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेतही ते सचिवालयाच्या कामाला होते. महात्मा गांधी त्या परिषदेत टेबलाच्या एका बाजूला होते आणि देशमुख सरकारी कागद सांभाळत होते.

सोडून गेलेले आणि राहिलेले

आयसीएसमध्ये राहणं ही त्या काळात काही आपोआप घडणारी गोष्ट नव्हती. समोर दुसरी उदाहरणं होती.

सुभाषचंद्र बोस १९२० च्या परीक्षेत चौथे आले आणि १९२१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. हरी विष्णू कामत यांनी १९३८ मध्ये आयसीएस सोडली आणि ते सुभाषबाबूंच्या मागे गेले. मध्य प्रांताच्या सेवेतले आर. के. पाटील चले जाव आंदोलनाच्या काळात बाहेर पडले.

देशमुख राहिले. त्यांची सेवा-नोंद वाचताना ही ओळ गाळून चालत नाही. ती नोंदीत आहे आणि त्यांच्या विरोधकांना ती दाखवण्याचा पूर्ण हक्क होता.

पण ती एकच ओळ वाचून थांबलं, तर पुढची पानं उलगडत नाहीत.

युद्धाच्या वर्षांत ते काय करत होते?

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हिंदुस्थानातल्या लोकांना न विचारता देश युद्धात ओढला गेला. काँग्रेसने विरोध केला. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनारला वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला. गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांची निवड केली होती. या सत्याग्रहाचा मुद्दाच लष्करी होता : ब्रिटिशांच्या युद्धाला माणसं देऊ नका आणि पैसाही देऊ नका. विनोबांना अटक झाली.

ज्या मध्य प्रांतात हे घडलं, तिथलं अर्थखातं सांभाळून देशमुख वर्षभरापूर्वीच मुंबईत आले होते. जुलै १९३९ मध्ये त्यांची नेमणूक रिझर्व्ह बँकेत संपर्क अधिकारी म्हणून झाली. काही महिन्यांत ते बँकेच्या केंद्रीय मंडळाचे सचिव झाले, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले. गव्हर्नर जेम्स टेलर यांचं फेब्रुवारी १९४३ मध्ये निधन झालं आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

ती तारीख नीट पाहायला हवी. चले जाव ठरावाला नुकतंच एक वर्ष झालं होतं. गांधीजी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये आणि नेहरू नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. बंगालमध्ये दुष्काळाने लोक मरत होते.

युद्धाच्या खर्चाशी रिझर्व्ह बँकेचा थेट संबंध होता. ब्रिटिश सरकार इथून धान्य, कापड आणि इतर सामान घ्यायचं. त्याचे पैसे रुपयांत इथे मिळत नसत. लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावावर पौंड जमा व्हायचे आणि त्या पौंडांच्या तारणावर बँक इथे नोटा छापायची. माल बाहेर गेला आणि नोटा मागे राहिल्या. परिणाम महागाई. त्याची झळ सामान्य माणसाने सोसली.

ही व्यवस्था देशमुखांनी आखली नव्हती. पण तिच्या माथ्यावर अखेरची दोन वर्षं ते होते. त्यांच्या युद्धकाळातल्या नोंदीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप कुठला असेल, तर तो हा.

मग दुसरी बाजू काय?

याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. युद्धाआधी भारत ब्रिटनचा देणेकरी होता. युद्ध संपताना लंडनमध्ये भारताच्या नावावर सुमारे १३० कोटी पौंड जमा होते. आता ब्रिटन भारताचं देणं लागत होतं.

ही रक्कम कमी करावी, युद्धाचा वाटा म्हणून काही सोडून द्यावी, असा दबाव ब्रिटनमधून होता. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वूड्सला जी परिषद भरली, तिथे जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी जन्माला आले. भारताच्या शिष्टमंडळात देशमुख होते. अडकलेल्या पौंडांचा प्रश्न नाणेनिधीच्या चौकटीत सोडवावा, ही मागणी भारतीय प्रतिनिधींनी तिथे लावून धरली. ती मान्य झाली नाही. मात्र नाणेनिधीत भारताला ४० कोटी डॉलरचा वाटा मिळाला. सोव्हिएत संघ सदस्य न झाल्यामुळे भारत पहिल्या पाच मोठ्या वाटेकऱ्यांत आला आणि कार्यकारी मंडळावर कायमची जागा मिळाली.

हेही गुलाम देशाचा सरकारी नोकर म्हणूनच केलेलं काम होतं. त्याच वर्षी, १९४४ मध्ये, ब्रिटिश सरकारने त्यांना सर हा किताब दिला.

त्या काळातली नोट पाहिली की हा सगळा पेच एका कागदावर दिसतो. नोटेवर सहाव्या जॉर्ज राजाचं चित्र आहे आणि गव्हर्नर म्हणून सही सी. डी. देशमुख यांची.

राजाची सत्ता गेली, सही राहिली. फाळणीनंतर ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँक भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. मालमत्ता आणि चलनाची ती वाटणी देशमुखांच्या कारकिर्दीत झाली. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हाही गव्हर्नर तेच. ३० जून १९४९ ला ते या पदावरून निवृत्त झाले.

आयसीएसवाल्यांबद्दल काँग्रेसची भूमिका काय होती?

इथे पक्षीय सोयीचा खरा खेळ दिसतो.

पंडित नेहरूंनी १९३६ च्या आत्मचरित्रात आयसीएसवर सडकून टीका केली होती. ही वृत्ती कारभारात असेपर्यंत नवा भारत घडणार नाही, असं त्यांचं मत होतं. स्वातंत्र्यानंतर संविधान सभेत या अधिकाऱ्यांना सेवाशर्तींची हमी द्यावी का, यावर खडाजंगी झाली. ज्यांनी आपल्याला तुरुंगात टाकलं त्यांनाच संरक्षण का, असा काही सदस्यांचा सवाल होता. ऑक्टोबर १९४९ मध्ये सरदार पटेल या अधिकाऱ्यांच्या बाजूने ठाम उभे राहिले. फाळणीच्या धामधुमीत देश याच माणसांनी सांभाळला, हा त्यांचा मुद्दा होता. हमी कलम ३१४ मध्ये आली. १९७२ मध्ये २८ व्या घटनादुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली.

मार्च १९५० मध्ये नियोजन आयोग स्थापन झाला. अध्यक्ष नेहरू. सदस्यांत सी. डी. देशमुख होते आणि आर. के. पाटीलही होते. एकाच प्रांतातले दोन आयसीएस अधिकारी. एक राजीनामा देऊन बाहेर पडलेला, दुसरा शेवटपर्यंत राहिलेला. स्वतंत्र भारताने दोघांनाही एकाच टेबलावर बसवलं.

त्याच वर्षी अर्थमंत्री जॉन मथाई यांनी राजीनामा दिला आणि नेहरूंनी अर्थखातं देशमुखांकडे सोपवलं. सात वर्षांपूर्वी यातला एक जण किल्ल्यात कैदी होता आणि दुसरा कैदेत टाकणाऱ्या राजवटीच्या नोटांवर सही करत होता.

१९५२ : एक पक्ष, दोन उलट नोंदी

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशमुख काँग्रेसच्या तिकिटावर कुलाब्यातून उभे राहिले आणि जिंकले. आपल्याच जिल्ह्यात, पेण-रोह्याच्या मतदारांपुढे जाऊन त्यांनी पहिल्यांदा मतं मागितली.

शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातून काँग्रेसचे जगन्नाथराव भोसले निवडून आले. मूळ सावंतवाडी भागातले भोसले सँडहर्स्टमध्ये शिकलेले, ब्रिटिश हिंदी सैन्यातले अधिकारी. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा ते तिथे होते. पुढे आझाद हिंद सेनेत त्यांनी सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक म्हणून काम केलं. ब्रिटिशांच्या लेखी हा शपथभंग होता. स्वतंत्र भारताच्या सरकारनेही आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांना लष्करात परत घेतलं नाही. राजकारणात मात्र त्यांना मानाची जागा मिळाली. भोसले केंद्रात पुनर्वसन उपमंत्री झाले.

म्हणजे कोकणातल्या दोन लगतच्या जिल्ह्यांत एकाच पक्षाने एका उमेदवाराची सेवा मोडल्याबद्दल आणि दुसऱ्याची सेवा टिकवल्यानंतरही पाठराखण केली. यात काँग्रेसची सोय होती हे खरं. पण नव्या देशाला सैनिकही हवा होता आणि हिशेब येणारा माणूसही, हेसुद्धा तितकंच खरं.

दिल्लीत जानेवारी १९५३ मध्ये देशमुखांचा विवाह दुर्गाबाईंशी झाला. दुर्गाबाई मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या, संविधान सभेच्या सदस्य राहिलेल्या. या विवाहाला साक्षीदार होते नेहरू. सत्याग्रही आणि सनदी नोकर यांच्यातली रेष आज दिसते तेवढी जाड त्या पिढीला वाटत नव्हती, हे यावरून दिसतं.

ज्यांनी कधी राजीनामा दिला नाही, त्यांनी १९५६ मध्ये दिला

अर्थमंत्री म्हणून देशमुखांची कारकीर्द सहा वर्षांची. पहिली पंचवार्षिक योजना याच काळातली. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम काढून आयुर्विमा व्यवसाय सरकारने ताब्यात घेतला आणि त्यातून एलआयसी उभी राहिली.

त्याच आठवड्यात मुंबई पेटली होती. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करण्याचा निर्णय नेहरूंनी १६ जानेवारीला जाहीर केला. लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. देशमुखांनी राजीनामा देऊ केला. तो अनेक महिने लांबला आणि जुलै १९५६ मध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. त्यांचे आक्षेप दोन होते. इतका मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर न घेता झाला आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी सरकारने नाकारली.

इथे त्यांच्या सेवा-नोंदीचं वर्तुळ पूर्ण होतं. १९३० च्या चिरनेरच्या गोळीबारानंतर ते सरकारी सेवेत राहिले होते. १९५६ च्या मुंबईतल्या गोळीबारानंतर ते सत्तेत राहिले नाहीत. काही जण म्हणतील, उशीर झाला. काही म्हणतील, परक्या सरकारकडून न्यायाची अपेक्षाच नव्हती. आपल्या सरकारकडून होती, म्हणून राजीनामा आला. दोन्ही वाचनांना नोंदीत आधार आहे.

पुढच्याच निवडणुकीत, १९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत कुलाब्याची जागा शेतकरी कामगार पक्षाने काँग्रेसकडून घेतली. देशमुख राजकारणातून शिक्षणाकडे वळले. १९५६ ते १९६१ ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. १९५९ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते.

१९६९ : तोच माणूस, आता विरोधकांचा

राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं ३ मे १९६९ रोजी निधन झालं. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते नीलम संजीव रेड्डी. व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने सी. डी. देशमुखांना उमेदवारी दिली.

यात मोठी विसंगती होती. निवडणुकीच्या महिनाभर आधी, १९ जुलैला इंदिरा गांधींनी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं होतं. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाचा त्याला विरोध होता. आणि त्यांचा उमेदवार होता स्टेट बँक आणि आयुर्विमा सरकारी मालकीत आणणारा माजी अर्थमंत्री.

पण प्रचारात त्यांच्या कामाची चर्चा फारशी झालीच नाही. काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी रेड्डींना दुसऱ्या पसंतीची मतं मिळावीत म्हणून जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाशी बोलणी केली. इंदिरा गांधींच्या गटाने हाच मुद्दा केला आणि सदसद्विवेकबुद्धीने मतदान करण्याचं आवाहन झालं. देशमुख कोण आहेत यापेक्षा त्यांच्यामागे कोण आहे, हे महत्त्वाचं ठरलं.

१६ ऑगस्टला मतदान झालं. राष्ट्रपतिपदासाठी खासदार-आमदार पसंतीक्रमाने मत देतात. विजयासाठी ४,१८,१६९ इतकं मतमूल्य हवं होतं. पहिल्या फेरीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मिळालं. देशमुखांसह इतर उमेदवार बाद झाले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली. रेड्डी सुमारे ९२ हजारांनी वर गेले, गिरी सुमारे साडेअठरा हजारांनी. अखेरचा आकडा गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. गिरींनी विजयाची रेषा १,९०८ ने ओलांडली. त्याच नोव्हेंबरात काँग्रेस फुटली.

१९५२ मध्ये काँग्रेसला चाललेली नोंद १९६९ मध्ये बदलली नव्हती. बदलला होता तिकीट देणारा पक्ष.

लष्करी गणवेश असता तर फरक पडला असता का?

संविधानाच्या कलम १८ ने सरकारी किताब बंद केले, पण लष्करी आणि शैक्षणिक पदव्यांना अपवाद ठेवला. म्हणून देशमुखांच्या नावामागचा सर गेला, तर ब्रिटिश काळातच अधिकारी झालेल्या करिअप्पांच्या नावामागचा जनरल राहिला.

मतपेटीत मात्र गणवेशाचाही भरवसा नसतो. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा १९७१ मध्ये ईशान्य मुंबईतून शिवसेनेच्या पाठिंब्याने लोकसभेला उभे राहिले आणि हरले.

आज कायदा काय सांगतो?

* उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि व्यवसाय यांची माहिती द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे हे बंधन आलं. लष्करी किंवा सरकारी सेवेचा तपशीलवार इतिहास मात्र मागितला जात नाही.
* लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९ नुसार भ्रष्टाचार किंवा देशाशी बेइमानी यासाठी सरकारी सेवेतून बडतर्फ झालेली व्यक्ती पाच वर्षं निवडणूक लढवू शकत नाही.
* उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल किंवा वर्तनाबद्दल खोटं आहे हे माहीत असूनही विधान केलं आणि त्याने निकालाला धक्का बसण्याजोगा असेल, तर कलम १२३(४) नुसार ते भ्रष्ट आचरण ठरतं. निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते.
* प्रतिज्ञापत्रात खोटी माहिती दिल्यास कलम १२५ अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणजे कायदा खोट्या नोंदीला पकडू शकतो. खऱ्या नोंदीचा अर्थ काय, हे ठरवणं मतदारावरच सोडलेलं आहे.

मग नोंद वाचायची कशी?

देशमुखांच्या आयुष्यावरून तीन प्रश्न हाती लागतात. उमेदवाराने कोणाची नोकरी केली, हा पहिला. त्या नोकरीत असताना त्याने प्रत्यक्ष काय केलं, हा दुसरा. आणि पद सोडण्याची वेळ आली तेव्हा त्याने ते कशासाठी सोडलं, हा तिसरा. प्रचारसभेत बहुतेक वेळा पहिलाच प्रश्न विचारला जातो, कारण त्याचं उत्तर एका ओळीत देता येतं.

१९७५ मध्ये देशमुखांना पद्मविभूषण मिळालं. तेव्हा पंतप्रधान होत्या इंदिरा गांधी. दुर्गाबाईंनाही त्याच वर्षी तोच सन्मान मिळाला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, चिंतामणरावांचं हैदराबादला निधन झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात पवनारला विनोबा गेले. रिझर्व्ह बँक १९८४ पासून देशमुखांच्या नावाने व्याख्यानमाला चालवते.

दिवा-रोहा मेमूने पेणवरून रोह्याला जाणाऱ्यांच्या वाटेवर या दोघांच्या बालपणीच्या खुणा येतात. पेण तालुक्यात गागोदे आहे. रोह्यात वाणिज्य महाविद्यालयाला सी. डी. देशमुखांचं नाव आहे. एकाने दाखले जाळले आणि युद्धाला नकार दिला. दुसऱ्याने पहिला नंबर काढला आणि युद्धाच्या नोटांवर सही केली. जिल्ह्याने दोघांनाही आपलं मानलं आहे.